गल्लीतल्या खेळांचे जुने फोटो जमवायचेत? मग आधी पोरांच्या पायाखाली बघा

पहिल्याच वर्षी मी चाळीसेक फोटोंची वाट लावली. फाडले-बिडले नाहीत, व्यवस्थित स्कॅन केले, पण करताना "खाली नुसता रस्ताच दिसतोय, तो काय करायचाय" म्हणून खालचा भाग कापून टाकला, पोरांचे चेहरे मोठे दिसावेत म्हणून. आणि मूळ प्रिंट ज्यांच्या होत्या त्यांना परत देऊन मोकळा झालो. त्यातल्या एका फोटोत एक मुलगी एका पायावर उभी आहे, हात पसरलेले, मागे तिघीजणी बघतायत. मी फाइलला नाव दिलं "नाचणारी मुलगी". दीड वर्षाने तीच प्रिंट योगायोगाने पुन्हा हातात आली तेव्हा दिसलं की तिच्या पायाखाली खडूच्या चौकटी आहेत, आत आकडे लिहिलेत आणि पाचव्या घरात एक चपटा दगड पडलाय. ती नाचत नव्हती हो, ठिकरी खेळत होती!

तेव्हापासून मी असा फोटो आला की चेहरे शेवटी बघतो. आधी जमीन. हा लेख त्याच चुकीतून आलाय. तुम्ही नवीन असाल, घरातला एखादा खोका उघडला असेल किंवा असे फोटो विकत घ्यायचा विचार असेल तर मी जिथे जिथे धडपडलो तिथे तुम्ही धडपडू नये एवढ्यासाठी लिहितोय.

आधी सामान गोळा करा

फार काही लागत नाही, पण हे नसेल तर सुरुवात करू नका:

- आठ ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग
- छोटी यूव्ही टॉर्च (नोटा तपासायला वापरतात तसली चालते)
- मऊ शिसपेन्सिल (पेन नको, मार्कर तर अजिबात नको)
- नायट्राइलचे हातमोजे. सुती मोज्यांनी पकड सुटते आणि धागे अडकतात
- फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर. निगेटिव्ह असतील तर खालून-वरून दोन्हीकडून लाइट देणारा
- आम्लरहित कागदाची पाकिटं किंवा पॉलिस्टर, पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक पाकिटं
- एक साधी वही किंवा स्प्रेडशीट, जी तुम्ही खरंच भराल अशी

कागदपत्रांत म्हणाल तर तीन गोष्टी जपा: विकत घेतला असेल तर पावती आणि विकणाऱ्याने लिहिलेलं वर्णन (स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर ते पान गायब होतं), कोणी दिला असेल तर "स्कॅन करायला, दाखवायला हरकत नाही" असं त्यांच्या हातचं दोन ओळींचं पत्र, आणि फोटो कुठून कुठे आला त्याची नोंद. हे तिसरं सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि नंतर तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

१. आधी डोळा तयार करा, खरेदी नंतर

लोक उलटं करतात. आधी दहा-बारा फोटो घेतात आणि मग विचारतात हे काय आहे. त्यापेक्षा महिनाभर फुकटात बघा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर लुईस हाईन ह्या फोटोग्राफरने बालकामगार समितीसाठी काढलेले पाच हजारांवर फोटो आहेत, मोठ्या टिफ फाइल (सगळा तपशील जपणारा फाइलचा प्रकार) सरळ उतरवता येतात. हाईन गेला होता कामावरची पोरं टिपायला पण मधेच गल्लीत खेळणारी पोरंही त्याने टिपली. १९०९ चा बॉस्टनचा फोटो बघा, दोन उंच इमारतींमधली अरुंद बोळ, वर वाळत घातलेले कपडे, आणि खाली पोरांचा बेसबॉलचा डाव. तिथेच बेन न्यूज सर्व्हिसचे १९१० च्या आसपासचे बातमीचे फोटो आहेत. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी, युरोपियाना, विकिमीडिया कॉमन्स, फ्लिकर कॉमन्स ह्या पण चांगल्या जागा आहेत.

मग मोठ्या फोटोग्राफर मंडळींचं काम बघा, कारण ह्या विषयातली दृष्टी त्यांच्याकडूनच येते. हेलन लेव्हिट १९३०-४० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत फिरत होती, मुलांचे आणि त्यांनी खडूने काढलेल्या चित्रांचे फोटो काढत, आणि १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तिचं फक्त मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं. रॉजर मेन हा १९५६ ते १९६१ लंडनच्या साऊथॅम स्ट्रीट ह्या एकाच रस्त्यावर पुन्हा पुन्हा जात राहिला. नंतर त्या रस्त्याचा बराच भाग पाडला आणि ट्रेलिक टॉवर ही उंच इमारत उभी राहिली, म्हणजे आता तो रस्ता बघायचा तर त्याच्या फोटोतच. शर्ली बेकरने मँचेस्टर-सॅलफर्डच्या पाडापाडी चालू असलेल्या वस्त्या टिपल्या, केन डोमोनने १९५० च्या दशकात टोकियोतली पोरं. आर्थर लाइपझिगचा १९५० चा ब्रुकलिनचा फोटो तर मी नवख्यांना पहिला दाखवतो: वरून काढलाय, अख्खा रस्ता खडूच्या रेघांनी भरलेला आणि पोरं त्यात मुंग्यांसारखी. फोटोचा खरा विषय जमीन कशी असते ते ह्या एका फोटोत कळतं.

शोधताना एक अडचण येते. मराठीत टाइप करून काही सापडत नाही, आणि इंग्रजीतही नुसतं "मुलांचे खेळ" टाकलं तर हजारो शाळेचे ग्रुप फोटो येतात. खेळाचं नाव त्या त्या देशाच्या भाषेत, त्यांच्या लिपीत टाका. ठिकरीला इंग्रजीत हॉपस्कॉच, फ्रेंचमध्ये मारेल, स्पॅनिशमध्ये रायुएला, जर्मनमध्ये हिमेल उंड हॉले, म्हणजे स्वर्ग आणि नरक. आणि खेळाच्या नावाने नाहीच सापडलं तर वस्तूच्या नावाने शोधा: दिव्याचा खांब, दोरी, खडू, फूटपाथ, जिना. जुन्या कॅटलॉग करणाऱ्यांनी पोरं काय खेळतायत हे क्वचितच लिहिलंय पण मागे काय आहे ते लिहिलेलं असतं.

२. विकत घेताना: "जुना फोटो" आणि "जुन्याचा फोटो" ह्यात फरक आहे

व्हिंटेज प्रिंट म्हणजे निगेटिव्ह काढली त्याच सुमारास, ढोबळमानाने चार-पाच वर्षांत, बनवलेली प्रिंट. निगेटिव्ह १९३८ ची आणि प्रिंट १९८५ ची असेल तर ती नंतरची प्रिंट. त्यात वाईट काही नाही, पण तसं सांगायला पाहिजे. विकणारे सांगत नाहीत, काहींना स्वतःलाच माहीत नसतं.

घरच्या घरी करायची तपासणी म्हणजे यूव्ही टॉर्च. फोटोच्या कागदात चमक आणणारी रसायनं १९५० च्या दशकापासून यायला लागली. अंधारात टॉर्च मारली आणि कागद निळसर पांढरा लखलखला तर ती प्रिंट त्याआधीची असणं अवघड आहे. उलट मात्र खरं नाही हं, चमकला नाही म्हणजे जुनाच असं नाही, कारण नंतरही बिनचमकीचे कागद होतेच. ही युक्ती पोरखेळ नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी लुईस हाईनच्या म्हणून विकल्या गेलेल्या काही प्रिंटवरून मोठा गदारोळ झाला, कागदाच्या तपासणीत निघालं की तो कागद हाईन १९४० मध्ये गेल्यानंतरचा आहे. एवढे मोठे संग्राहक फसले तर आपण कोण.

मी स्वतः एक "१९२० चा" चाक फिरवणाऱ्या पोराचा फोटो घेतला होता. टॉर्च मारली आणि तो फोटो ट्यूबलाइटसारखा पेटला. भिंगातून बघितलं तर छपाईचे ठिपके. कोणीतरी पुस्तकातलं पान कापून जाड कागदावर चिकटवलं होतं. म्हणून भिंग आधी, टॉर्च नंतर: खऱ्या फोटोत बारीक रवे दिसतात, सरळ रांगेत ठिपके दिसले तर ती छपाई.

आणखी एक, एकाच फोटोमागे पळण्यापेक्षा मिश्र गठ्ठा किंवा निगेटिव्हची आख्खी पट्टी मिळत असेल तर ती घ्या. पट्टीतल्या आधीच्या-नंतरच्या फ्रेममध्ये डाव पुढे सरकलेला दिसतो, आणि खेळ ओळखायला त्यासारखं दुसरं काही नाही.

३. हातात आला की आधी उलटा करा

पुढची बाजू पळून जात नाही. मागे काय काय असतं: पेन्सिलीतली नावं, स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं नाव, वर्तमानपत्राच्या फोटोवर चिकटवलेली ओळींची पट्टी आणि तारखेचा शिक्का. हे सगळं मागूनही स्कॅन करा, पुढच्या इतक्याच काळजीने. चिकटवलेली पट्टी सोलून काढू नका, खाली काय आहे बघायचा मोह होतो, तरी नको.

पोस्टकार्डवर छापलेला फोटो असेल तर तुमचं नशीब. मागे मजकूर आणि पत्ता अशी मधे रेघ असेल तर ब्रिटनमध्ये ते कार्ड १९०२ नंतरचं, अमेरिकेत १९०७ नंतरचं. तिकीट लावायच्या चौकोनात आझो (AZO, फोटोच्या कागदाचा ब्रँड) असं नाव आणि चार कोपऱ्यांत चार त्रिकोण, चारही वर टोक केलेले, असतील तर साधारण १९०४ ते १९१८. दोन वर दोन खाली असतील तर त्यानंतरचं.

मागे काही लिहायचं असेल तर फोटो काचेवर पालथा ठेवून, कडेला, मऊ पेन्सिलीने, दाब न देता. मी एकदा बॉलपेनने लिहिलं, आणि पुढच्या बाजूला पोराच्या गालावर "सेट ३" असं उमटलेलं आजही तिरप्या उजेडात वाचता येतं.

४. खेळ कुठला ते ओळखा

माझ्या मते सगळ्यात मजेची आणि सगळ्यात जास्त चुका होणारी पायरी हीच. फोटो स्कॅन करून स्क्रीनवर चेहऱ्यांवर चक्क कागद धरा, हसू नका, खरंच करा, म्हणजे डोळा तिकडे जाणार नाही. मग ह्या क्रमाने बघा.

जमीन काय आहे? खडूच्या रेघांना गुळगुळीत डांबर किंवा फरशी लागते, खडबडीत दगडी रस्त्यावर चौकट काढता येत नाही, म्हणून तिथे गोट्या आणि पळापळीचे खेळ जास्त दिसतात. मातीत गल असेल, म्हणजे छोटा खड्डा, तर गोट्या. पण गोट्या नुसत्या गलीतच खेळतात असं समजू नका, ब्रिटनमध्ये पोरं फूटपाथच्या कडेच्या गटारीतून एकामागे एक गोटी मारत लांबपर्यंत जायची, त्यामुळे फोटोत दोन पोरं गटारीत वाकून बघतायत, तर काही हरवलेलं नाही, डाव चाललाय.

रेघा कशा आहेत? एकापुढे एक घरं आणि टोकाला अर्धगोल म्हणजे ठिकरी. मोठा चौकोन, कडेने आणि मधे आकडे टाकलेली छोटी घरं, आणि पोरं पोटावर झोपून काहीतरी टिचकीने मारतायत, हा न्यूयॉर्कचा स्कली, त्यात बाटलीची बुचं वापरायचे, जड व्हावीत म्हणून आत मेण ओतायचे. मला हे माहीत नव्हतं तोवर अशा फोटोला मी "रस्त्यावर झोपलेली मुलं" असं लिहून ठेवलं होतं आणि वर गरिबीबद्दल दोन ओळीही लिहिल्या होत्या. त्या ओळी आठवल्या की अजून कान गरम होतात.

भिंत ही पण उभी जमीनच धरा. भिंतीवर खडूने तीन उभ्या रेघा असतील तर क्रिकेटचे स्टंप, आडवा-उभा चौकोन असेल तर न्यूयॉर्कच्या स्टिकबॉलमधला, चेंडू कुठून गेला तर तो बरोबर टाकलेला धरायचा ते दाखवणारा. स्टिकबॉल म्हणजे झाडूचा दांडा आणि रबरी चेंडू. फटका किती लांब गेला ते तिथे गटाराच्या झाकणांत मोजायचे, दोन झाकणं, तीन झाकणं, म्हणजे रस्त्यातलं झाकण हीसुद्धा खेळाची खूण. पण हातात काठी दिसली की लगेच बॅट म्हणू नका. विटी-दांडू आपलाच आहे अशी आपली पक्की समजूत असते, पण इंग्लंडमध्ये टिपकॅट नावाने जवळपास तोच खेळ गल्ल्यांत चालायचा. जमिनीवर दोन्ही टोकं निमुळती केलेली लाकडाची छोटी कांडी दिसते का बघा. आणि काठीला टोकाला दोरी बांधलेली असेल तर तो भोवरा चाबकाने फिरवायचा प्रकार, जमिनीवर भोवरा शोधा, फिरत असल्यामुळे तो नुसता पुसट डाग दिसतो.

वर पण बघा. गॅसच्या दिव्याच्या खांबाला शिडी टेकायला एक आडवा दांडा असायचा, त्याला दोर बांधून पोरं गोल गोल झोके घ्यायची. फोटोत पोर हवेत तिरकं दिसतंय आणि कारण कळत नाही तेव्हा नव्वद टक्के वेळा दोर वरच्या कापलेल्या भागात गेलेला असतो.

आता हात. मूठ कशी आहे, बोटं कशी आहेत. सागरगोटे झेलणारा हात पालथा असतो. दोरी फिरवणाऱ्या मुलींमध्ये दोन दोऱ्या आहेत का एक, ते दोरीवरून दिसत नाही कारण ती हललेली असते, फिरवणाऱ्या मुलींच्या दोन्ही हातांवरून कळतं.

एवढं करूनही नाही कळलं तर ब्रुगेलचं १५६० चं मुलांच्या खेळांचं चित्र उघडा, व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे, ऐंशीच्या वर खेळ मोजलेत लोकांनी त्यात. वाकलेल्या पोरांवरून उड्या, चाकं, सागरगोटे, सगळं आहे. चारशे वर्षांनंतरच्या फोटोतली पोज तिथे जशीच्या तशी सापडते तेव्हा अंगावर काटा येतो. वर सांगितलेल्या लाइपझिगलाही गल्लीतल्या खेळांची मालिका करायची कल्पना ह्याच चित्रावरून सुचली.

जुन्या माणसांना विचारणार असाल तर "हा कुठला खेळ?" असं विचारू नका. मग ते आठवेल ते पहिलं नाव सांगतात, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. त्यापेक्षा विचारा, "आता ह्यातलं कोण पळणार?" किंवा "ह्याने हात का वर केलाय?" बघा मग कसे खुर्चीतून पुढे सरकतात, हाताने करून दाखवतात, आणि नियम आपोआप बाहेर येतात. नावं तर गल्लीगणिक बदलतात. आयोना आणि पीटर ओपी ह्या ब्रिटिश नवरा-बायकोने आयुष्यभर हेच केलं, मोठ्यांच्या आठवणींपेक्षा थेट मुलांना विचारायचं, आणि त्यांच्या १९६९ च्या रस्त्यावरच्या खेळांवरच्या कामामागे दहा हजारांवर मुलं होती. तेव्हा वहीत तीन रकाने करा: फोटोत दिसतं ते, लोक सांगतात ते, आणि माझा अंदाज. एकात एक मिसळू देऊ नका.

५. साल ठरवा: सगळ्यात नवी वस्तू शोधा

नवखे लोक कपड्यांवरून साल सांगतात. गल्लीतल्या पोरांच्या बाबतीत हे सपशेल फसतं, कारण पोराच्या अंगावर थोरल्या भावाची चड्डी, त्याच्या अंगावर बापाचा कापून लहान केलेला कोट. कपडे पाच-दहा वर्षं मागे असतात. नियम सोपा आहे: फोटोतली सगळ्यात जुनी वस्तू काहीच सिद्ध करत नाही, सगळ्यात नवी वस्तू करते. फोटो तिच्या आधीचा असू शकत नाही.

काही खुणा ज्या मला उपयोगी पडल्या: कमरेभोवती फिरवायची प्लॅस्टिकची रिंग, म्हणजे हुला हूप, १९५८ ला बाजारात धुमाकूळ घालून आली, त्यामुळे ती दिसली की प्रश्न मिटला. (लाकडी किंवा लोखंडी चाक काठीने पळवणं मात्र शेकडो वर्षं जुनं, त्यावरून काही कळत नाही.) धुराड्यावर एच आकाराचा टीव्हीचा अँटेना असेल तर ब्रिटनमध्ये बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. लंडनचा फोटो आणि मागे पडक्या घरांचं मैदान असेल तर १९४०-४१ च्या बॉम्बवर्षावानंतरचा असण्याची शक्यता, पण झोपडपट्टी पाडतानाही असंच दिसतं, तेव्हा जपून. रस्त्याच्या तोंडाशी "प्ले स्ट्रीट" अशी पाटी असेल तर ब्रिटनमध्ये असे रस्ते पोरांसाठी बंद करायचा कायदा १९३८ चा आहे, न्यूयॉर्कमध्ये मात्र हा प्रकार १९१४ पासूनचा. भिंतीवर सिनेमाचं पोस्टर दिसलं तर सोनं, नाव वाचा आणि प्रदर्शनाचं साल शोधा.

फोटोचा आकारही बोलतो. गोल फोटो असेल तर कोडॅकच्या पहिल्या १८८८ च्या आणि त्यानंतर लगेच आलेल्या कॅमेऱ्यांचा विचार करा. सव्वा दोन इंची चौकोनी असेल तर १९०० चा कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा किंवा त्यानंतर आलेले बरेच काही. लांबट ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह असेल तर शक्यतो १९२५ ला लायका हा छोटा कॅमेरा आल्यानंतरचं. कातरल्यासारख्या नागमोडी कडा साधारण १९३० ते १९६० च्या दशकांत. प्लॅस्टिकचा थर असलेला, वळत नाही असा कागद १९७० च्या आसपासपासून.

इथे दोन सापळे आहेत. पांढऱ्या कडेवर महिना-साल छापलेलं असतं ना, ती तारीख फोटो धुतल्याची, काढल्याची नाही. रोल कॅमेऱ्यात वर्षभर पडून राहायचा. दुसरा, उलटी छापलेली प्रिंट. निगेटिव्ह पालथी पडली की सगळं आरशातलं होतं. पाटीवरची अक्षरं बघा, अक्षरं नसतील तर मुलांच्या शर्टाची बटणं बघा, आणि सगळीच पोरं डावखुरी दिसायला लागली तर शंका घ्या. मी एका डावखुऱ्या गोट्यावाल्यावर परिच्छेद लिहिलाय, सोडा.

वहीत एकच साल लिहू नका. "१९३८ नंतर, बहुधा १९५५ च्या आत" असं लिहा आणि पुढे कशावरून ते लिहा.

६. खरा डाव की उभं केलेलं दृश्य

फार जुन्या फोटोंत कॅमेऱ्याला वेळ लागायचा, हललं की पुसट, म्हणून पळणारं पोर स्वच्छ दिसत असेल तर ते "पळण्याच्या पोजमध्ये" उभं आहे. नंतर वेगवान प्लेट आल्या आणि लोक लपून काढायला लागले: पॉल मार्टिन १८९० च्या दशकात लंडनमध्ये पार्सलसारखा दिसणारा कॅमेरा काखेत घेऊन फिरायचा, लेव्हिटने कॅमेऱ्याला काटकोनात बघणारं भिंग लावलेलं, म्हणजे ती एकीकडे बघतेय असं वाटायचं आणि फोटो दुसरीकडचा.

ओळखायचं कसं? सगळे लेन्सकडे बघत असतील तर डाव थांबलेला आहे. बघणारी पोरं बघा, खेळणारी नाही. खरा डाव असेल तर कडेला उभ्या पोराची नजर चेंडूवर, गोटीवर, दोरीवर असते, आणि एकजण तरी कंटाळलेला असतो. पोज दिलेला फोटो फेकून देऊ नका मात्र, नोंद करा एवढंच. पोरांना कॅमेऱ्यासमोर काय दाखवावंसं वाटलं ही पण माहितीच आहे.

७. स्कॅन

हे पटकन सांगतो. प्रिंट ६०० डीपीआयला (इंचाला किती ठिपके, ते माप), ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह ३००० ते ४००० ला, फाइल टिफ, कृष्णधवल असली तरी रंगीतमध्ये स्कॅन करा कारण डागांचा आणि पिवळेपणाचा रंग नंतर कामाला येतो. चारही कडा दिसू द्या, थोडी स्कॅनरची पाटीसुद्धा येऊ द्या. कापायचं असेल ते प्रतीत कापा, मूळ फाइलला हात लावू नका. (हे मी सांगतोय, ज्याने चाळीस कापले.)

धूळ आपोआप काढणारं जे बटण असतं, डिजिटल आईस वगैरे, ते चांदीच्या कृष्णधवल निगेटिव्हवर वापरू नका. ते इन्फ्रारेडवर चालतं, चांदी इन्फ्रारेड अडवते, मग सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून खातं. आणि आजकाल एका क्लिकवर रंग भरून देणारी, चेहरे स्वच्छ करणारी जी ॲप आहेत त्यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे. चेहरा छान करतात, खरंय, पण खडूची पुसट रेघ त्यांना डाग वाटतो. एका फोटोवर गंमत म्हणून चालवून बघितलं, गोटी गायब आणि पोर रिकाम्या रस्त्याकडे बोट दाखवतंय! करायचंच तर वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि खाली स्पष्ट लिहा.

फाइलचं नाव: नंबर, अंदाजे काळ, खेळ. नंबर प्रिंटच्या पाकिटावरही पेन्सिलीने. दोन ठिकाणी कॉपी, त्यातली एक दुसऱ्या घरात.

८. ठेवायचं कसं

पीव्हीसीची पाकिटं नकोत, वास मारणारं प्लॅस्टिक म्हणजे तेच. सेलोटेप नको, रबरबँड नको, पिन नको. फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकला असेल तर ओढू नका, मेण नसलेला दात साफ करायचा दोरा मागून हळू करवतीसारखा फिरवा, आणि तरी नाही निघाला तर तसाच पानासकट स्कॅन करा. गडद भागात निळसर चंदेरी चमक दिसते ती चांदी वर आलेली असते, पुसायला जाऊ नका.

निगेटिव्हचा डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर तो ॲसिटेट फिल्मचा रोग आहे, तो डबा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा आणि आधी तो स्कॅन करा. १९५० च्या आधीच्या फिल्मवर कडेला "सेफ्टी" छापलेलं नसेल, पिवळी पडून चिकट झाली असेल तर ती नायट्रेट असू शकते आणि ती भयंकर पेट घेते. घरात ठेवू नका, स्कॅनरच्या दिव्याखाली तर नकोच, एखाद्या अभिलेखागाराला किंवा संग्रहालयाला विचारा.

९. नेटवर टाकण्याआधी

प्रिंट विकत घेतली म्हणजे हक्क विकत घेतला असं नाही. कागद तुमचा, चित्र फोटोग्राफरचं किंवा त्याच्या वारसांचं. युरोप-ब्रिटनमध्ये साधारण फोटोग्राफर गेल्यानंतर सत्तर वर्षं, अमेरिकेत जुन्या प्रकाशित फोटोंना प्रकाशनापासून पंच्याण्णव वर्षांपर्यंत हक्क असू शकतो, प्रत्येक देशाचं वेगळं. म्हणून लेव्हिट किंवा मेनचा फोटो आवडला म्हणून आपल्या पानावर चिकटवायचा नाही, लिंक द्यायची. लायब्ररीच्या फोटोंखाली हक्कांची ओळ असते ती वाचा, "ज्ञात निर्बंध नाहीत" असं असेल तर बिनधास्त, फक्त संग्रहाचं नाव आणि नंबर द्या.

आणि ती पोरं. १९५५ च्या फोटोतलं आठ वर्षांचं पोर आज हयात असू शकतं, आणि मागे पेन्सिलीने नाव-पत्ता लिहिलेला असू शकतो. मागची बाजू स्कॅन करा पण जगाला दाखवू नका. नाव टाकू नका, घर नंबर टाकू नका, उघडी-वाघडी किंवा रडणारी पोरं असतील तर तो फोटो स्वतःपुरता ठेवा. कोणी "हा मी आहे, काढा" म्हणालं तर पुरावा मागत बसू नका, काढा. मला एका बाईंनी असं कळवलं होतं. मी काढला. चार दिवसांनी त्यांनीच परत लिहिलं की टाका, पण वर्णन सुधारा, तुम्ही लिहिलंय की मी दोरीच्या उड्या मारतेय, मी उड्या मारत नाहीये, मी बाद झालेय आणि भांडतेय.

परत बघितलं. दोरी तिच्या घोट्याला अडकलेली होती, अगदी खालच्या कडेला.